पॅडवरचे फटके

हिल्का रांटानं दोन हिवाळे बर्फावरच्या हॉकीचे पॅड पायाला बांधले नव्हते, आणि त्या दोन हिवाळ्यांत तिच्याइतकी चिडकी बाई कॅनडातल्या अख्ख्या थंडर बे गावात शोधून सापडली नसती. बेकरीत गिऱ्हाइकांवर खेकसायची. घरी नवऱ्याचं तर विचारूच नका! बिचारा एइनो संध्याकाळी सौनात, वाफेच्या खोलीत, जाऊन बसायचा, तो बायकोची झोपायची वेळ झाल्याशिवाय बाहेर यायचा नाही. गोलमध्ये उभं राहायची सवय लागलेल्या माणसाला घरी बसवलं की हे असंच होतं. बाकीच्यांचं बरं असतं. वय झालं की एक दिवस खेळतात, दोन दिवस दांडी मारतात, हळूहळू सुटतं. गोलकीपरला तशी सोय नाही. तो खांबांच्या मध्ये उभा तरी असतो, नाहीतर नसतो.

डाव्या डोळ्याचा पडदा सुटला होता तिचा. ऑपरेशन झालं, पट्टी निघाली, डॉक्टरीणबाईंनी दिवे मारमारून तपासलं आणि सांगितलं, "यायची तेवढी नजर आली. डावीकडचं अंधूकच राहणार. हॉकीचं म्हणाल, तर माझ्या तोंडून हो निघणार नाही."

हिल्का घरी आली आणि एइनोला म्हणाली, "डॉक्टरीण म्हणते, बिनधास्त खेळा." मैत्रिणींनाही तेच सांगितलं. जीभ जराही अडखळली नाही बाईची. मनाशी मात्र तिनं एक गोष्ट ठरवली होती. एक मॅच खेळायची, खरीखुरी. रबरी चकतीचा तो पक दिसला, अडवता आला, तर गुडघे चालतील तोवर खेळायचं. नाही दिसला, तर पॅड घराबाहेर काढायचे आणि पुन्हा हॉकीचं नाव घ्यायचं नाही. डोळ्याचं कुणाला कळायचं कारणच नव्हतं, निदान तिला तरी तसं वाटत होतं.

रविवारी दुपारी ती सामानाचं पोतं ओढत ड्रेसिंग रूममध्ये शिरली आणि आतून एकच गिल्ला झाला.

"आली गं आली! नाकं धरा!"

"हिल्के, त्या पिशवीत काय मेलंय?"

"तुझं तोंड मेलंय," हिल्का म्हणाली, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा तिला मनापासून हसू आलं.

दाराजवळचा कोपरा तिचा. गोलकीपरला पसरायला जागा लागते, म्हणून तो कोपरा मोकळा सोडायचा हा रिवाजच. दोन वर्षं या बायकांनी उसन्या गोलकीपरवर ढकलली होती, आज या गावची, उद्या कुणाची तरी पुतणी. आज कोपऱ्यात घरची बाई बसली. आधी डावा पॅड, मग उजवा. चामड्याचे पट्टे कडक झाले होते, त्यांना तिनं आठवडाभर तेल चोळलं होतं. मास्कच्या आतला जुना स्पंज हात लावताच भुगा होऊन पडला, तेव्हा तिथं एइनोनं नवा चिकटवून दिला होता. छातीचं चिलखत मात्र बसेना. अंग सुटलं होतं ना!

"श्वास आत घे," स्टेफ्का म्हणाली आणि पाठीवर गुडघा टेकवून तिनं पट्टा खेचला.

ही स्टेफ्का हॅनचुक म्हणजे संघाची कप्तान. बचावाला खेळायची, तीस वर्षं हिल्काच्या पुढ्यात उभी राहिलेली. पट्टा लागला तरी तिचा हात हिल्काच्या खांद्यावर जरा जास्तच वेळ राहिला.

"डोळा बरा आहे ना गं?"

"शंभरदा विचारलंस. डॉक्टरपेक्षा तुला जास्त कळतं का?"

"नाही बाई," स्टेफ्का म्हणाली आणि बुटाची नाडी बांधायला खाली वाकली.

बर्फावर उतरल्यावर आधी गोलकीपरला गरम करायचं असतं. सगळ्यांनी ओळीनं यायचं आणि सांभाळून फटके मारायचे. एक डाव्या पॅडवर, एक उजव्या पॅडवर, मग झेलायच्या हातमोज्यात, मग दुसऱ्या हाताच्या फळीवर. डोक्याच्या आसपास कुणी मारायचा नाही. एकदा एका नव्या पोरीनं मास्कजवळून पक नेला, तर स्टेफ्कानं तिची अशी हजेरी घेतली होती की पोरगी रडत घरी गेली. गोलकीपरला जागं करायचं असतं, घाबरवायचं नसतं. पॅडवर धपधप आवाज व्हायला लागले आणि हिल्काचे पाय आपोआप हलायला लागले. विसरले नव्हते मेले, दोन वर्षांत काही म्हणता काही विसरले नव्हते!

मॅच सुरू झाली. समोर पिना बोर्तोलिनचा संघ. पिना म्हणजे गावातली सगळ्यात वाईट बाई, बर्फावर बरं का, एरवी पोर्केट्टाचं, म्हणजे भाजलेल्या डुकराच्या मांसाचं, सँडविच हातात दिल्याशिवाय घरातून जाऊ द्यायची नाही. तिचा फटका मांडीवर बसला की आठवडाभर निळं. गेली वीस वर्षं ती हिल्कावर गोल करत होती आणि प्रत्येक गोलनंतर दात काढून हसत होती.

हिल्का स्टिकनं दोन्ही खांब ठोकत राहिली. उजवा खांब दिसत होता. डावा दिसायला मान वळवावी लागत होती, म्हणून तो ती जरा जास्तच ठोकत होती. एवढंच काय ते. पहिला फटका आला, उजव्या पॅडवर. अडवला! दुसरा आला, हातमोज्यात झेलला! बाकावरून बायका स्टिक आपटून ओरडल्या. हिल्काच्या डोळ्यांत पाणी आलं, दोन्ही डोळ्यांत. दिसतंय, तिला वाटलं, अगं बाई, मला सगळं दिसतंय. डॉक्टरणीला काय कळतंय हॉकीतलं!

पहिला भाग संपला तेव्हा तिचा संघ पुढं होता आणि तिच्यावर एकही गोल नव्हता. दुसऱ्या भागातही तेच. तिच्यातली जुनी हिल्का आता पुरती जागी झाली होती. ती मास्कच्या आतून समोरच्यांना टोमणे मारत होती. "काय गं, जेवून आली नाहीस का?" "हा फटका होता? मला वाटलं पत्र पाठवलंस!" समोरच्या बायका हसत होत्या आणि निघून जात होत्या. कुणी उलटून बोलत नव्हतं. हे तिच्या लक्षात यायला हवं होतं, पण आनंदात माणसाला काही ऐकू येत नाही.

मग पिना एकटी सुटली. बचावाला कुणी नाही, मध्ये बर्फ मोकळा. हिल्का घाईनं खाली बसली आणि तिथंच चुकली. वरचा अख्खा कोपरा उघडा पडला. तिला स्वतःला कळलं की गोल गेला. पिनाला तो कोपरा दिसला. दिसला म्हणजे काय, तिनं मान वर करून नीट बघितला. आणि मग पक मारला थेट हिल्काच्या पॅडवर.

"अरेरे, चुकलं!" पिना म्हणाली.

हिल्का गुडघ्यांवर तशीच राहिली. पिना बोर्तोलिन वीस वर्षांत एकदाही अरेरे म्हणाली नव्हती. चुकली की शिव्या द्यायची, इटालियनमध्ये, तिच्या आजीलाही ऐकू जातील अशा. हिल्काला आधीचे फटके आठवायला लागले. उजवा पॅड. हातमोजा. पॅड. फळी. पुन्हा पॅड. एकही वर नाही. एकही डावीकडून नाही. अख्ख्या मॅचमध्ये तिच्या डाव्या बाजूला एक बाई फिरकली नव्हती.

मॅच कसली, ह्या तिला गरम करत होत्या!

दुसरा भाग संपल्याची शिट्टी झाली. बर्फ सपाट करायची गाडी आत आली आणि बायका बाकांमागच्या बोळात पाणी प्यायला आल्या. हिल्कानं स्टेफ्काचं मनगट धरलं आणि तिला भिंतीशी नेलं.

"खरं सांग. हे काय चाललंय?"

"कुठं काय?"

"स्टेफ्के, मी तुला ओळखत नाही का? पिनानं मोकळा कोपरा सोडून पॅडवर मारला. सांग!"

स्टेफ्कानं बाटलीचं झाकण उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं. मग म्हणाली, "मी सांगितलं त्यांना."

"काय सांगितलंस?"

"डावीकडून जाऊ नका म्हणून. वर मारू नका म्हणून. पहिलीच मॅच आहे, तिला बरं वाटू दे म्हणून."

"डावीकडून?" हिल्कानं तिचं मनगट आणखी घट्ट धरलं. "डावीकडचं तुला कुणी सांगितलं? एइनोनं?"

"एइनो कशाला सांगेल! अगं, माझ्या घरी तू कॉफी कपाच्या बाहेर ओतलीस. बेकरीत डावीकडून कुणी आलं की दचकतेस. चर्चमध्ये शेजारच्या बाईच्या खांद्यावर आदळलीस आणि उलट तिच्यावरच डाफरलीस. सगळ्यांना ठाऊक आहे, हिल्के."

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना."

इतके दिवस ती हसत होती, थापा मारत होती, मान वळवायच्या युक्त्या करत होती, आणि समोरची प्रत्येक बाई ते बघून गप्प बसत होती. ड्रेसिंग रूममध्ये गिल्ला करणाऱ्यांना ठाऊक होतं. बाकावर स्टिक आपटणाऱ्यांना ठाऊक होतं. आधी तिला भयंकर लाज वाटली. मग लाजेच्या मागून राग आला आणि तो बरा वाटला.

"दया करता माझ्यावर? मी काय मेले का? पिने! ए पिने, इकडे ये!"

पिना आली. तिचं तोंड आधीच उतरलं होतं.

"आता खरं खेळायचं," हिल्का म्हणाली. "वीस वर्षं खेळलीस तसं."

"नको गं. जाऊ दे ना. छान चाललंय."

"छान? तुझी पोरगी समजलीस का मला? मी आज ठरवायला आले होते, खेळायचं की सोडायचं. तुम्ही सगळ्यांनी मिळून मला खोटं उत्तर दिलंत. डावीकडून ये. हिंमत असेल तर ये, नाहीतर पुन्हा माझ्याशी बोलू नकोस."

पिनानं स्टेफ्काकडे बघितलं. स्टेफ्कानं मान खाली घातली. "ठीक आहे," पिना म्हणाली, "पण मास्कचा पट्टा घट्ट कर."

तिसरा भाग सुरू झाला आणि पहिल्यांदा बर्फावर शांतता होती. टोमणे नाहीत, आरडाओरडा नाही. पिनाला मध्येच पक मिळाला. स्टेफ्का तिला आडवी गेलीच नाही, बाजूला झाली. हिल्कानं ते बघितलं आणि तिला बरंच वाटलं. ती पुढं सरकली, कोन बंद केला, हातमोजा उघडला. सगळं जसं करायला हवं तसं केलं. पिना समोरून आली. पक तिच्या स्टिकवर होता, काळा, स्वच्छ, दिसत होता. मग पिना तिच्या डावीकडे वळली.

हिल्कानं पाय लांबवला, खांबाला चिकटली, मान फिरवली. पिना गोलच्या मागं जात होती. पाठ दिसत होती तिची. म्हणजे पक घेऊन मागून येणार, जुनीच युक्ती.

"पळतेस कुठं?" हिल्का ओरडली. "मार ना! घाबरलीस? मार की!"

कुणी हललं नाही. पिना गोलमागं थांबली होती आणि तिचे दोन्ही हात स्टिकवर लुळे पडले होते. स्टेफ्का थांबली होती. रेफरीनं शिट्टी तोंडाशी नेली होती, पण तो ती वाजवत नव्हता. बाकावरच्या बायका उभ्या होत्या.

"काय झालं?" हिल्कानं विचारलं. "कुणाला लागलं का?"

स्टेफ्का जवळ आली आणि तिनं मागं बोट दाखवलं. हिल्का वळली. पक जाळीच्या आत होता, डाव्या खांबापासून हातभर आत, निवांत पडलेला.

"कधी मारला?"

"मारला नाही गं," पिना जाळीपलीकडून म्हणाली. ती रडत होती. "हळूच सरकवला. तुला वेळ मिळावा म्हणून अगदी हळू सरकवला. पॅडला घासून गेला."

हिल्काला काही कळेनासं झालं. जोरात फटका आला असता, हुकला असता, तर तिनं मानलं असतं. लहान पोरानं ढकलावा तसा पक तिच्या अंगाला लागून गेला होता आणि ती मात्र मार, मार म्हणून ओरडत होती. सगळ्यांच्या देखत. तिनं मास्क काढला. घामानं केस कपाळाला चिकटले होते.

"स्टेफ्के," ती म्हणाली, "हात दाखव मला. डावीकडून. मी समोरच बघते."

"इथं नको, हिल्के. आत जाऊन बघू."

"इथंच. मी इथंच विचारायला आले होते."

स्टेफ्कानं हातमोजा काढला आणि हिल्काच्या डाव्या कानामागं हात धरला. हिल्का समोरच्या घड्याळाकडे बघत राहिली.

"हात वर केलास का?"

"केला."

"दिसत नाही. पुढं आण."

"आणला."

"नाही दिसत. अजून."

हात कानापुढं आला, गालाजवळ आला. हिल्काला स्टेफ्काच्या बोटांची ऊब गालाला लागत होती, आणि बोटं दिसत नव्हती. सगळं मैदान ऐकत होतं आणि ते तिला माहीत होतं, तरी ती मोठ्यानं बोलली.

"ऊब लागते आहे. दिसत नाही. अजून पुढं."

हात नाकासमोर आला तेव्हा कुठं चार बोटं उगवली.

"आता दिसला," हिल्का म्हणाली.

मग ती खाली बसली, तिथंच, गोलच्या तोंडाशी, आणि डाव्या पॅडचा वरचा पट्टा सोडायला लागली. बोटं बधिर झाली होती, बक्कल निघेना. पिना जाळीमागून फिरून आली, बर्फावर गुडघे टेकून समोर बसली आणि दुसऱ्या पायाचे पट्टे सोडायला लागली. तिला कुणी अडवलं नाही.