धुतलेला मळा

"खरं सांग, कव्हा बसल्ती तू बाहेर?"

झुंबरबाईंनी हातातली पिशवी अजून खालीसुद्धा ठेवली नव्हती. चुलीपुढे भाकर थापत असलेल्या सुनेचे, नंदाचे, हात थांबले. अंथरुणाला खिळलेल्या आईची सेवा करायला झुंबरबाई दोन महिने माहेरी, जांब समर्थला गेल्या होत्या. आल्यावर आधी आईचं काही सांगतील, असं कुणालाही वाटलं असतं. पण रखमाजींनी बायकोला एसटीतून उतरवून घेतलं ते थेट पानमळ्यात नेलं होतं. मळा पिवळा पडत होता.

पानमळा म्हणजे शेतातलं एक घरच होतं. चारी बाजूंनी ताट्यांचा कूड, आत शेवरीच्या दाट ओळी आणि त्यांवर चढवलेले नागवेलीचे वेल. भर दुपारी आत शिरलं तरी डोळ्यांपुढे क्षणभर अंधारी यायची. आत जायचे नियम देवघरापेक्षा कडक. पायताण बाहेर काढायचं, विडी ओढायची नाही, आणि पाळीचे दिवस बाहेर बसून काढणाऱ्या बाईची तर सावलीही पडू द्यायची नाही. घरच्या दुभत्या म्हशीला जपावं त्याहून जास्त त्या वेलांना जपलं जाई.

रखमाजींनी दुसरे उपाय केले नाहीत असं नाही. वेल भुकेले असतील म्हणून पेंड घातली. थंडी लागत असेल म्हणून ताट्या आणखी घट्ट आवळल्या. तरी बुडाकडची पानं हळदीसारखी होऊन गळत राहिली. मोट जाऊन मागच्याच वर्षी विहिरीवर विजेची मोटार बसली होती. बटण दाबलं की पाणी धो धो यायचं, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ते दाखवताना रखमाजींची छाती फुगायची. त्या पाण्यावर संशय घेणं त्यांना सुचणंच शक्य नव्हतं. सुनेवर घेता येत होता.

"बोल की," झुंबरबाई म्हणाल्या. "मी इथं नव्हते. माझा बद्री अंकुशनगरला कारखान्यावर, आठवड्याला येनार. घरात तू आन् मामा, तुझे सासरे. तू बाहेर बसली तर मामाला भाकर दुर्गाबाईच्या घरून यायची, बराबर?"

शेजारची दुर्गाबाई दारात उभीच होती. असल्या वेळी ती कशी काय हजर असते, हे त्या गल्लीत कुणाला कळलेलं नव्हतं.

"माझ्याकडं तर एकदाबी भाकर मागितली न्हाई हिनं," ती म्हणाली. "मला वाटलं, तुमी येऊन-जाऊन करून राह्यल्या."

"म्हंजी लपवलं! आन् तसल्यात रोज मळ्यात जाऊन पानं खुडली!"

नंदाने मान खाली घातली. तिने काहीच लपवलं नव्हतं. दोन महिने तिला बाहेर बसायची वेळच आली नव्हती. पण हे सांगायचं कसं? याआधी दोनदा दिवस गेले, दोनदा तिने आनंदाने सांगितलं, घरात पेढे आले, आणि तिसरा महिना सरायच्या आत दोन्ही वेळा सगळं संपलं. बोलून दाखवलं म्हणून दृष्ट लागली, असं तेव्हा याच सासूबाई म्हणाल्या होत्या. त्यानंतर चार वर्षं काही नाही. आता घरात तिच्या कुशीची आशा कुणाला उरली नव्हती, आणि नवऱ्यासाठी, बद्रीनाथसाठी, दुसरी बघायची भाषा अधूनमधून कानावर येत होती. या वेळी तिसरा महिना सरेपर्यंत नवऱ्यालासुद्धा सांगायचं नाही, असं तिने जांबच्या रामाला स्मरून मनाशी ठरवलं होतं. म्हणून ती गप्प राहिली, आणि गप्प बसणारा माणूस गुन्हेगार, हा न्याय तर गावोगाव चालतो.

"उद्यापासून मळ्यात पाय टाकायचा न्हाई. बिलकुल न्हाई," झुंबरबाईंनी निकाल दिला.

नंदाला ते शब्द फार लागले. त्या गार अंधारात एकेक पान हातात जोखत खुडणं एवढाच तिचा दिवसातला सुखाचा वेळ होता. तिथे 'यंदा तरी काही आहे का' असं विचारणारं कुणी नसे.

मग मळ्याची शुद्धी निघाली. गोमूत्र शिंपडलं, नारळ फोडला. पण झुंबरबाईंचं समाधान होईना.

"इटाळ काय शिंपडून जातो? आपन लुगडं धुतो, भांडं धुतो. मळाबी धुवायला पायजे."

रखमाजींना ते एकदम पटलं. त्यांनी मोटार चालू केली आणि अख्ख्या मळ्यात पाणी सोडलं. घोट्याएवढं तुंबेपर्यंत मोटार बंद केली नाही, आणि पानं तरी पिवळी होताहेत म्हटल्यावर पुन्हा सोडलं. भाकरी घेऊन गेलेली नंदा कुडाबाहेर उभी राहून ताट्यांच्या फटीतून बघायची. आत चिखलाचा आंबूस वास सुटला होता. एके दिवशी तिने सासूला भीत भीत विचारलं, "आत्याबाई, लई पानी होऊन राह्यलं का?"

"तुझ्यापायीच चाललंय ते," झुंबरबाई म्हणाल्या.

शेवटी रविवारी घरी आलेला बद्रीनाथ अंबडहून शेतीखात्याच्या माणसाला घेऊन आला. त्याने एक वेल हलकेच ओढला, तर तो विरोध न करता हातात आला. मुळं काळी, लिबलिबीत झाली होती.

"पाणी फार झालंय," तो म्हणाला. "पिवळं पडायला लागलं तेव्हाच पाणी बंद करायला हवं होतं. आता उपाय नाही."

तो गेला. मग झुंबरबाई म्हणाल्या, "इटाळ लई खोल गेल्ता." संक्रांतीपर्यंत मळा संपला. शेवरी तोडून सरपणाला आली, आणि ती जाळून नंदाने घरच्यांना भाकरी करून घातल्या.

तोवर तिचा तिसरा महिना सरला होता. पोट दिसू लागलं तसं घर हरखलं. झुंबरबाई तिला जड उचलू देईनात. चैत्रात ओटीभरणाला गल्लीतल्या बाया जमल्या. दुर्गाबाई तेवढ्यात बोटांवर महिने मोजू लागली.

"आता सातवा... म्हंजी दिवाळीनंतर मळा पिवळा पडला, तवा हिला दिस गेल्ते की! मंग ही बाहेर बसनार कशी?"

"गप गं, ओटी भर," झुंबरबाई म्हणाल्या.

पण ओसरीवर बसलेल्या रखमाजींनी ते ऐकलं. ते उठून दारात आले. सुनेशी ते कधी थेट बोलत नसत. आज बोलले.

"मंग तवाच का न्हाई सांगितलं? एक शब्द बोलली असती, तर मळ्यात पानी सोडलं असतं का मी? माझा मळा वाचला असता."

बायांनी माना डोलावल्या. खरंच, बोलायला हवं होतं हिनं. बद्रीनाथ चौकटीला टेकून खाली बघत राहिला.

इतकी वर्षं या घरात नंदाला भीती वाटत आली होती. त्या दिवशी पहिल्यांदा राग आला, असा की कानशिलं तापली. पण पोटातलं बाळ हललं, आणि तिने पदर पसरला. दुर्गाबाईने त्यात तांदूळ घातले, खण-नारळ घातला, आणि वर अंबडच्या बाजारातून विकत आणलेली पाच पानं ठेवली. पानं शिळी होती. नंदाने ती एकावर एक नीट लावली आणि पदर पोटाशी खोचला.