अध्यक्षांच्या जागी मी

मित्रांनो, पुढून बघाल तर मी अध्यक्ष. मागून बघाल तर कोरा पांढरा पुठ्ठा आणि त्याला टेकू द्यायला एक दांडी. मी एक जुना कटआउट आहे. माणसाएवढा उंच, हात जोडलेला, कायम हसणारा. हल्ली सालमियातल्या एका हॉलच्या स्टोअररूममध्ये भिंतीकडे तोंड करून उभा असतो. समोर नुसती भिंत असली की हसण्याचा काही उपयोग नसतो, पण मला हसणं बंद करता येत नाही. छापलंय ना!

कुवेतमधल्या आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष मोरेश्वरकाका. ते बँकेत मोठ्या हुद्द्यावर, त्यामुळे कार्यक्रमांना यायला त्यांना वेळच मिळत नसे. मग मंडळाचे जनसंपर्कप्रमुख नचिकेतदादा यांनी युक्ती काढली. म्हणाले, "काका, नेता सगळीकडे दिसला पाहिजे. दिसला की लोकांना वाटतं, काम चाललंय." काकांनी फोनमधून डोकं वर न काढता हो म्हटलं, आणि चार दिवसांनी छपाईच्या दुकानात माझा जन्म झाला. नचिकेतदादांनी मला चहूबाजूंनी न्याहाळलं आणि काकांपेक्षा हाच बरा दिसतो म्हणाले. ती माझी पहिली शाबासकी.

मग काय विचारता! गणपती असो, ईद असो, संक्रांत असो, दारात मी. लहान मुलं माझ्या कमरेला मिठी मारायची. कुणीतरी मला पेनाने मिशी काढली, ती पुसली तरी अजून थोडी दिसते. मंडळाच्या ग्रुपवर रोज माझे फोटो. मला वाटायचं, एवढी माणसं ज्याच्याजवळ येतात असा मीच.

पण खरं सांगू? फोटो निघाला की सगळे फोनमध्ये बघत पुढे जायचे. खांद्यावरचा हात निघाला की तिथे एकदम गार वाटायचं. काही जण जाता जाता चेष्टेत विचारायचे, काय अध्यक्ष, पार्किंगचं कधी बघताय? मला सगळं ऐकू यायचं. ते काकांपर्यंत पोचवणार कसं?

अशात ईदनंतरच्या मेळाव्याला आमिना खाला आल्या. त्या मूळच्या दाभोळच्या, आता मुलाकडे, अशरफकडे, रिग्गईत राहतात. त्या दिवशी त्याला सुट्टी होती, म्हणून त्याने गाडीतून आणलं होतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. त्यांची नात हिबा सरबत आणायला गेली आणि खाला थेट माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"अस्सलाम अलैकुम, मोरेश्वरभाऊ," त्या म्हणाल्या. "रागवू नका हां. आधी मंडळाची बस आमच्या बिल्डिंगसमोर थांबायची. आता तिथूनच जाते, पण थांबत नाही. अशरफ तिकडे लांब शुऐबाला ड्यूटीवर, पोरगी शाळेत. मी दिवसभर फ्रिजचा आवाज ऐकत बसते. जुम्म्याला चार माणसं भेटायची, तेवढंच होतं. बस थांबवा ना, बाबा."

नेमका तेव्हाच एसीचा झोत आला आणि मी पुढे-मागे डुललो.

खालांना वाटलं, मान हलवली. त्यांनी दुपट्ट्याने डोळे पुसले. "अल्ला भलं करो तुमचं. एवढं कोण ऐकून घेतं आजकाल? सगळे मध्येच तोडतात."

हिबा ग्लास घेऊन आली आणि काय झालं ते तिच्या लक्षात आलं. मागे तिच्या मैत्रिणी तोंड दाबून हसत होत्या. तिने दादीचा हात धरला आणि तिला घेऊन गेली.

पुढच्या शुक्रवारी मला कार्यक्रमाला नेत होते, मी बसच्या शेवटच्या सीटवर, मागच्या काचेकडे तोंड करून टेकलेला होतो. रिग्गई आलं. बिल्डिंगच्या फाटकाशी, भर उन्हात, आमिना खाला उभ्या. ठेवणीतला दुपट्टा, हातात सांदणांचा डबा. त्यांनी हात वर केला. बस गेली. मागच्या काचेतून त्यांच्याकडे बघत मी हात जोडून हसत होतो. मित्रांनो, मला फाटावंसं वाटलं. त्याच्या पुढच्या शुक्रवारीही त्या तिथेच होत्या.

त्या आठवड्यात हिबा वडिलांना घेऊन हॉलवर आली. कमिटीची मीटिंग होती, म्हणून काका चक्क हजर होते. एरवी घरीदारी इंग्रजीत उत्तरं देणारी ती मुलगी काकांसमोर सरळ मराठीत बोलली.

"काका, तुम्ही दादीला सांगितलंत की बस थांबेल."

"मी? मी कधी भेटलो त्यांना?"

हिबाने माझ्याकडे बोट दाखवलं. सगळी खोली हसली. नचिकेतदादा म्हणाले, खालांना पुष्पगुच्छ पाठवू, फोटो छान येईल. काकाही हसत होते.

"मी तिला सांगितलं की तो पुठ्ठा होता," हिबा म्हणाली. "तिला पटत नाही. म्हणते, एवढा चांगला माणूस पुठ्ठा कसा असेल?"

मग कुणी हसलं नाही. काका कितीतरी वेळ माझ्याकडे बघत राहिले, जसं कुणी आरशात बघावं तसं.

शुक्रवारी बस रिग्गईत थांबली आणि काका स्वतः खाली उतरले. मी सवयीप्रमाणे मागच्या सीटवर होतोच. काकांनी घसा साफ केला. "नमस्कार खाला. मंडळाच्या वतीने मी आपल्याला..."

"तुम्ही कोण?" खालांनी डोळे बारीक केले.

"मी मोरेश्वर. अध्यक्ष."

"ना बाबा. ते असे बोलत नाहीत. ते ऐकतात."

काकांनी त्यांचा डबा हातात घेतला, खालांना धरून वर चढवलं आणि शेजारी बसले. खिशातला फोन दोनदा वाजला, त्यांनी काढला नाही. सालमियापर्यंत खाला बोलत होत्या: दाभोळची खाडी, वारलेला नवरा, तो फ्रिज. उतरताना त्यांनी काकांच्या मनगटावर हात ठेवला. "आता ओळखलं. तुम्हीच ते."

मी मागेच होतो. कुणी वळून बघितलं नाही आणि तेच बरोबर होतं, तरी जरा दुखलं.

आता दर शुक्रवारी काका हॉलच्या दाराशी, पूर्वी मी असायचो तिथे, खुर्ची टाकून बसतात. भिंतीपलीकडून मला आवाज येतो. लोक भांडतात, पार्किंगचं विचारतात, काका कधी चुकतात, कधी जमणार नाही असं तोंडावर सांगतात. आणि तरी लोक त्यांच्यापाशी थांबतात.

मित्रांनो, उद्या तुमच्यातलं कुणी वर्गाचा मॉनिटर होईल, कुणी खूप मोठं होईल. तेव्हा फोटो खुशाल काढा. पण जिथे कुणी तुमची वाट बघत उभं असेल, तिथे माझ्यासारख्याला पाठवू नका. स्वतः जा.

आणि खुर्च्या न्यायला कधी स्टोअररूममध्ये आलात, तर मला जरा भिंतीकडून वळवून ठेवाल? दोन मिनिटं काहीतरी बोला. मी कुणाला सांगू शकत नाही, पण मध्येच तोडणारही नाही.