ओढ्याची ओटी

"कोरड्या पात्राची ओटी भरायची नाही, अनुराधा. वाहतं पाणी दिसलं की मगच." सासूबाईंचं हे सांगणं मी आजही मोडत नाही.

माझे यजमान, मकरंद, गेल्या ऑक्टोबरात सेंट्रल ओटागोच्या उघड्याबोडक्या डोंगरांत फिरायला गेले आणि वाट चुकले. पाय मुरगळलेला, बाटली रिकामी. दरीत एक ओढा वाहत होता, त्याचंच पाणी पीत काठाला बसून राहिले. तिथे मेंढ्यांचं फार्म चालवणाऱ्या हेदरला ते सापडले. हे कळताच इकडे हॉर्नबीतल्या आमच्या घरी मी देवापुढे बोलले, ज्या पाण्याने यांना राखलं त्याची ओटी भरीन, तोवर भात खाणार नाही.

"अगं, ओढ्याला काय पडलंय, तू पोळी खातेस की भात?" मकरंद म्हणायचे.

"मला पडलंय ना."

यांचा पाय बरा होईतो उन्हाळा लागला, ओढा आटला. मी म्हटलं, श्रावणात जाऊ. श्रावणात नद्या भरलेल्या असायच्याच, एवढं काय विचारायचं कुणाला?

ऑगस्टमध्ये पाचेक तास गाडी हाकत पोचलो. दरीत नुसते दगड, त्यांवर पांढरं दहिवर.

"इथे ऑगस्ट म्हणजे ऐन हिवाळा. आत्ता पाणी असतं हे कुणी सांगितलं तुला?" हेदरने विचारलं.

"आमच्या कालनिर्णयाने," मकरंद म्हणाले.

हेदर हसली. "बर्फ वितळला की ये. तेव्हा हीप्स पाणी, ढीगभर. पण नारळ-बिरळ आत सोडायचं नाही, खाली मेंढ्या पितात."

"मग ओटी पाण्याला लावून तुझ्या पदरात घातली तर?"

"पदर नाहीये. एप्रन चालेल?"

चालेल म्हटलं. वर डोंगरमाथ्यावर बर्फ साचला होता. पाणी होतं तर, फक्त अजून उतरायचं होतं. मी तिथूनच हात जोडले.

आश्विनात एका सकाळी हेदरचा मेसेज आला, ओढा वाहतोय. मकरंदना ऑफिस होतं, झोपले होते. मी दिवा लावला, त्यांची पोळी-भाजी झाकून ठेवली. ओटीचे तांदूळ, खण, नारळ पिशवीत घातले. मूठभर तांदूळ माझ्यासाठी वेगळे बांधून घेतले, हेदरच्या चुलीवर शिजवायला. मग आवाज न करता गाडीची किल्ली उचलली.