गोधडी आणि रुमाल

कापडी टेप. पहिल्या तीन इंचांचे आकडे बोटांनी घासून गेलेले.

बद्रीनाथच्या अडतीतला वजनकाटा. त्यावर मिरचीची पोती चढतात, म्हणून त्यावर उभा राहणारा माणूस आधी शिंकतो, मग त्याचं वजन होतं.

पुठ्ठ्याची दोन शिंगं, काजळीनं काळी केलेली.

पिंपळाची फांदी, बैलगाडीतून आणलेली.

ओली गोधडी.

खीर. तांदळाची, गुळाची.

सिद्धार्थाला ढेरी नव्हती.

*

यातलं शेवटचं वाक्य सत्यशीलाबाईंचं. त्या वाटूरच्या शाळेत मास्तरीण. दर बुद्ध पौर्णिमेला समाजमंदिरापुढं नाटक व्हायचं, ते त्याच लिहायच्या आणि त्याच बसवायच्या. चौदा एप्रिलची मिरवणूक संपून लोक निळीनं माखलेल्या कपड्यांतच बसले होते, तेव्हा त्या हे बोलल्या. पौर्णिमेला सहा आठवडे होते. यंदा एक नवा प्रवेश घालायचा होता, तपश्चर्येचा. बरगड्या दिसायला पाहिजेत, असं म्हणून त्यांनी रामकिसनकडं बघितलं.

रामकिसनचं फाट्यावर सायकलचं दुकान. दुष्काळाच्या साली तो पहिल्यांदा सिद्धार्थ झाला, तेव्हा त्याच्या बरगड्या दिसत होत्या. तशा त्या साली सगळ्यांच्याच दिसत होत्या. पुढं पाऊस झाला, त्याचं लग्न झालं, मंठ्याची सासुरवाडी मिळाली. आता शर्टाखाली एक लहानसा माठ दिसायचा.

तेवढ्यात मागून कडूबा उठला.

कडूबा वस्तीतला टेलर. दिवसभर मशीनवर बसून त्याचा घेर असा वाढला होता की लहान पोरं त्याच्या सावलीत गोट्या खेळायची. नाटकात तो दरसाल मार नावाचा राक्षस व्हायचा. शिंगं लावून यायचं, आरोळ्या ठोकायच्या, ध्यानाला बसलेल्या सिद्धार्थाला भेवडवायचं आणि शेवटी हरून निघून जायचं. लोक हसायचे. नाटक संपलं तरी हसायचे.

"बाई," तो म्हणाला, "इतके साल मी वरडून राह्यलो. एकदा मला गप बसायचंय."

दुसरी गोष्ट तो बोलला नाही. सिद्धार्थाला खीर आणून देणारी सुजाता म्हणजे चांगुणाबाई, त्याची बायको. घरी ती ताट पुढं सरकवायची आणि चूल फुंकायला पाठ फिरवायची. नाटकात मात्र ती दोन्ही हातांत वाटी धरून गुडघ्यावर बसायची, वर बघायची, आणि तिच्या डोळ्यांत असं काही यायचं की पडद्यामागं शिंगं सांभाळत उभ्या असलेल्या कडूबाला आपण नक्की कुणाशी लग्न केलं ते आठवायचं. ते बघणं एकदा आपल्या वाट्याला यावं, एवढंच त्याला पाहिजे होतं.

लोक हसले. सत्यशीलाबाईंनी विषय मिटवायला म्हणून सांगितलं की पौर्णिमेपर्यंत ज्याचं वजन जास्त उतरेल तो सिद्धार्थ आणि दुसरा मार. विषय मिटला नाही. सकाळी सगळी वस्ती बद्रीनाथच्या अडतीत.

*

बद्रीनाथनं दाराच्या फळीवर खडूनं लिहिलं:

कडूबा १०४
रामकिसन ६२

आणि विचारलं, "पोत्याचा बारदाना वजा करू का?"

*

सोनूबाई, कडूबाची म्हातारी आई, मुलाशी बोलायची बंद झाली. दुष्काळात खडी फोडून, रांगेत उभं राहून तिनं सरकारी मदतीच्या पिठाची सुकडी आणली होती, आपल्या वाटणीची पोराच्या ताटात सारली होती, आणि आता घरात ज्वारी असून हा अर्धी भाकरी खाऊन उठत होता. ती भाकरीशीच बोलायची. "याला भूक न्हाई म्हणं, बाई," असं भाकरीला सांगायची, "तू अशीच वाळून जाय."

कडूबा अर्धी भाकरी सकाळी खायचा, अर्धी सांजच्याला. मशीन सोडून वाटूरच्या शिवारात पायी फिरायचा. कापणी झालेल्या रानात लोक त्याला दुरून ओळखायचे आणि विचारायचे, टेलर, काही हरवलं काय.

रामकिसन चतकोरावर आला होता. वर मंठ्याला रिकामी सायकल मारायची आणि रिकामी परत आणायची. सासुरवाडीच्या दारावरून जायचा, पण उतरायचा नाही. सासूला वाटलं जावई रुसला.

*

पहिला आठवडा. कडूबा तीन किलोनं उतरला. रामकिसन एक किलोसुद्धा पुरा नाही.

दुसरा आठवडा. कडूबा आणखी दोन. रामकिसन पुन्हा एकाच्या आसपास.

रामकिसननं काटा तपासायला लावला. काटा बराबर होता. मग तो म्हणायला लागला की पहिल्या दिवशी कडूबाच्या खिशात कात्री होती, लोखंडी, मोठी. कडूबानं तो सदरा आणून दाखवला. त्याला खिसाच नव्हता. गावभराचे खिसे शिवणाऱ्या माणसाला स्वतःच्या सदऱ्याला खिसा लावायला सवड मिळाली नव्हती.

*

आता इथं एक धुणं येतं.

कडूबाच्या दुकानाच्या मागच्या अंगणात चांगुणाबाई गोधडी पिळत होती. रामकिसन दुकानात शिरला तो भांडायच्या तयारीनं. त्याचे गाल बसले होते आणि आवाज चिडका झाला होता.

"तू अर्धी खातो, मी चतकोर खातो," तो म्हणाला. "तू पायी हिंडतो, मी मंठ्यापर्यंत पायडल मारून राह्यलो. अन् उतरतो तू. हे कोणतं गणित हाय, सांग लेका मला."

कडूबा काही बोलायच्या आत अंगणातून चांगुणाबाईचा आवाज आला. तिनं रामकिसनला हाक मारून बाहेर बोलावलं आणि गोधडीचं एक टोक त्याच्या हातात दिलं. दोघांनी मिळून पीळ घातला. बादलीत धो धो पाणी पडलं. मग तिनं दोरीवरचा कडूबाचा रुमाल ओला करून रामकिसनच्या हातात दिला. त्यानं जीव लावून पिळला. चुळकाभर पाणी निघालं.

"आता रुमालाला शिव्या देता का, भाऊजी?" ती म्हणाली. "त्याच्यात व्हतंच किती?"

रामकिसननं ओले हात पँटीला पुसले. मग हसला. पण हसता हसता त्यानं कडूबाकडं बघितलं, आणि कडूबानं मान खाली घालून टेप गुंडाळायला घेतली, कारण ही गोष्ट त्याला पहिल्या आठवड्यापासून ठाऊक होती. त्याचा धंदाच तो होता. कडूबाच्या पायजम्यातून चार बोटं कापड काढलं तर नाडी थोडी जास्त ओढायची, बस. रामकिसनच्या पँटीतून चार बोटं काढली तर ती चढणारच नाही. चार बोटं तीच, अंग वेगळं.

रामकिसन गेल्यावर चांगुणाबाईनं गोधडी दोरीवर टाकली. आधी धार लागली, मग थेंब पडायला लागले, मग थेंबही विचार करून पडायला लागले.

"तुमचंबी असंच व्हनार," ती म्हणाली.

तसंच झालं. चौथ्या आठवड्यात कडूबा काट्यावर चढला, शिंकला, आणि बद्रीनाथनं फळीवरचा आकडा अर्ध्याच किलोनं बदलला. भाकरी तीच, फिरणं तेच. अंग लहान झालं होतं, त्याच्यातून आता निथळणार किती? तरी तो बराच पुढं होता. गप बसला असता तर जिंकला असता. आणि गप बसायचं तर त्याला होतंच.

*

पौर्णिमेला चार दिवस राहिले तेव्हा शेवटचं वजन झालं.

कडूबा ९५
रामकिसन ५६½

लोकांनी कडूबाला खांद्यावर घ्यायचा विचार केला आणि सोडून दिला.

तो दुकानात आला. कात्री घेतली, ठेवली. पुन्हा घेतली. मग सत्यशीलाबाईंच्या घरी गेला. त्या पोरांच्या वह्या तपासत होत्या.

"बाई, मी जिंकलो ते बराबर न्हाई," कडूबा म्हणाला. "माझ्यात व्हतं म्हणून निघालं. त्याच्यात नव्हतं तरी त्यानं काढलं."

मग त्यानं त्यांना गोधडी आणि रुमाल सांगितला, चार बोटं कापड सांगितलं, आणि दाराकडं बघत उभा राहिला. त्याच्या गळ्यात टेप होती आणि ती तो दोन्ही हातांनी खाली ओढत होता.

सत्यशीलाबाईंनी पाटी ओढली. एकशेचारातून नऊ म्हणजे शंभराला किती, बासष्टातून साडेपाच म्हणजे शंभराला किती. दोनदा केलं. दोन्हीकडं आठाच्या वर आणि नऊच्या आत असं काहीतरी आलं. रामकिसन केसभर पुढं, पण तेवढा फरक तर मिरचीच्या शिंकेनंही पडला असता. मग त्यांना हसू आलं, आणि ते बराच वेळ थांबेना.

"तपश्चर्येचा सिद्धार्थ रामकिसन," त्या म्हणाल्या. "खिरीचा सिद्धार्थ तुम्ही."

कडूबानं टेप सोडली.

"अन् मार?"

"तपश्चर्या संपल्यावर रामकिसन रिकामाच असतो की."

*

पौर्णिमा. सूर्य बुडता बुडता बत्तीला हवा भरली. ओट्यावर पिंपळाची फांदी रोवली. प्रवेश बदलताना मध्ये धरायला पडदा पाहिजे होता, म्हणून चांगुणाबाईची गोधडी आली.

रामकिसन तपश्चर्येला बसला. त्याच्या बरगड्या मागच्या रांगेतून दिसत होत्या. माणसं चुकचुकली. त्याच्या सासूनं, जी खास मंठ्याहून आली होती, तोंडाला पदर लावला. मग तो ठरल्याप्रमाणं कोसळला, दोघांनी गोधडी धरली, मागं थोडी धडपड झाली, आणि गोधडी बाजूला सरली.

पिंपळाखाली कडूबा.

हसू आलंच. ते थांबवणं कुणाच्या हातात नव्हतं. "आरं, बेशुद्धीत भरला की हा," असं कुणीतरी मागून म्हणालं, आणि हसण्याची दुसरी लाट आली. दरसाल कडूबा अशा वेळी आरोळी ठोकायचा. आज त्याला गप बसायचं होतं, आणि तो बसला. डोळे मिटून, मांडीवर हात ठेवून. सहा आठवड्यांत अंगावरची कातडी थोडी सैल झाली होती, गळ्याशी दोन वळ्या पडल्या होत्या, आणि त्यानं सकाळपासून काही खाल्लं नव्हतं.

चांगुणाबाई आली. गुडघ्यावर बसली. दोन्ही हातांत वाटी धरून वर बघितलं.

कडूबानं डोळे उघडले.

सत्यशीलाबाईंनी इथं सिद्धार्थाला एक वाक्य लिहिलं होतं. ते त्याला आठवलं नाही. त्यानं वाटी घेतली. वाटीची कड त्याच्या दातांना लागून वाजली, तो आवाज सगळ्यांनी ऐकला. त्यानं पहिला घास घेतला आणि तो लगेच गिळला नाही. तोंडातच धरून बसला. भूक म्हणजे काय आणि तिच्यानंतरचा पहिला घास म्हणजे काय, हे त्या गर्दीत कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती. दुष्काळाला दोनच वर्षं झाली होती. हसणं कुठं गेलं ते कळलं नाही.

पहिल्या रांगेत सोनूबाई बसली होती. सहा आठवडे ती मुलाशी बोलली नव्हती.

"खा, लेकरा," ती म्हणाली. "पोटभर खा."

तो खायला लागला.

वाटी रिकामी झाली. आता सुजातानं नमस्कार करून जायचं होतं. चांगुणाबाई उठली, गोधडीमागं गेली आणि पातेलं घेऊन परत आली. तिनं दुसऱ्यांदा वाढलं. वाढताना तिनं त्याच्याकडं जसं बघितलं, तसं आजवर रामकिसनकडं कधी बघितलं नव्हतं. तिसऱ्यांदा वाढलं तेव्हा लोक टाळ्या वाजवायला लागले, आणि सत्यशीलाबाईंनी हातातलं नाटक मिटून ठेवलं.

मग मार आला. झगा जुनाच होता, कडूबाच्या मापाचा, आणि त्याच्या आत कुठंतरी रामकिसन होता. शिंगं नाकावर उतरली होती. त्यानं आरोळी ठोकली, ती चतकोर भाकरीची आरोळी होती. झग्यात पाय अडकून तो सिद्धार्थाच्या पुढ्यात आपोआप हरला. लोक लोळले. सासू सगळ्यांत जास्त हसली.

सिद्धार्थ हसला नाही. तो डोळे मिटून गप बसला होता. पिंपळाची फांदी तेवढी गदागदा हलत होती, कारण त्याची पाठ तिला टेकली होती.

*

पहिल्या वजनाच्या दिवशी सकाळी, काट्यावर चढायच्या आधी, चांगुणाबाईनं कडूबाला चार भाकरी खाऊ घातल्या होत्या, आणि वर तांब्याभर ताक.