नमुन्याचा डबा

मंडळी, जरा पुढे सरका. मागे उभे आहात त्यांनाही जागा होईल. गोष्ट लहानशीच सांगणार आहे, पण गोड नाही, एवढं आधीच सांगून ठेवतो.

दाजीने भिंतीत चौथा स्क्रू पिळला आणि डबा घट्ट बसला का, ते तळहाताने दाबून पाहिलं. बसला होता. इतक्या हलक्या डब्याला दोन स्क्रूही पुरले असते.

दुकानात त्याला सगळे दाजीच म्हणत, कारण मालक म्हणजे त्याच्या बायकोचा भाऊ. मेहुण्याने गल्ल्यावर बसायचं आणि दाजीने छपरांवर चढून सोलारचे पॅनेल बसवायचे, अशी वाटणी. आज ज्यांच्या भिंतीवर तो डबा बसवत होता, त्या काकूंच्या गच्चीवर पॅनेल केव्हाच बसले होते आणि तेव्हापासून नुसते ऊन खात पडले होते. त्यांची वीज घरात उतरवणारा आणि लाईट गेली तरी बॅटरीवर घर चालू ठेवणारा नवा इन्व्हर्टर काही येत नव्हता. आधी तो बोटीत होता. मग बंदरात. मग कुठल्याशा शिक्क्यासाठी गोदामात, मग ट्रकमध्ये; आणि ट्रकवाल्याच्या घरी नेमकं लग्न निघालं. माल कसला, रुसलेला जावईच तो, प्रत्येक वेशीवर पायघड्या मागत येणारा. काकू फोन करत तो दाजीला, आणि मेहुण्याने पढवलेलं उत्तर दाजी त्यांना ऐकवायचा.

काकूंना इन्व्हर्टर चैनीसाठी नको होता. आतल्या खोलीत त्यांचे यजमान नाकाला नळी लावून पडलेले. श्वासाचं यंत्र विजेवर चालायचं. लाईट गेली की ते मुकं व्हायचं, आणि काकू हातातलं टाकून ऑक्सिजनच्या भाड्याच्या सिलिंडरकडे धावायच्या.

सकाळी मेहुण्याने दुकानाच्या काचेमागचा नमुन्याचा डबा उतरवला. गिऱ्हाइकाला दाखवायला कंपनीने दिलेला. बाहेरून हुबेहूब इन्व्हर्टर, आत पोकळ. नाक पुसलेल्या रुमालानेच त्याने तो पुसला.

"दाजी, हा लावून या. दिवा लागतो याचा. लोक दिवा बघतात, आत कोण डोकावतंय?"

आजारी माणसाचं घर आहे, असं दाजी म्हणाला.

"मग? त्यांच्याकडे सिलिंडर आहे ना. खरा आला की गुपचूप बदलून टाकू. तुमचं बरंय हो, छपरावर वारा खाता. शिव्या मला खाव्या लागतात."

असं म्हणून तो स्वतःच्याच बोलण्यावर हसला, आणि रुमाल पुन्हा खिशात कोंबला. दाजीने डबा काखोटीला मारला आणि निघाला.

आणि आता काकू पदराला हात पुसत त्या डब्यासमोर उभ्या होत्या. दिवा हिरवागार.

"झालं?"

"झालं काकू. आता लाईट गेली तरी घोर नाही."

वाक्य तोंडातून कसं अल्लद घसरलं. मागे जिभेवर शिळ्या तेलाचा तवंग उरल्यासारखं वाटलं त्याला. काकूंनी आत हाक मारून सांगितलं, अहो, लागलं एकदाचं. आतून खोकला आला की हसू, ते कळलं नाही. त्यांनी लगेच फोन उचलून नंबर फिरवला. सिलिंडर परत न्यायला सिलिंडरवाल्याला बोलावते म्हणाल्या. पलीकडच्या गल्लीत एका बाईला तिच्या आईसाठी हवाय, बिचारी रोज विचारते.

दाजीने पक्कड पिशवीत टाकली, परत काढली.

"राहू द्या ना काकू, चार दिवस."

"कशाला? तुम्ही सांगितलंत ना आत्ता." फोन कानाशी धरूनच त्या म्हणाल्या, "फोनवर ते बोट नि बंदर सांगताना तुम्ही अडखळायचात, भाऊ. मी यांना म्हणायची, या माणसाला खोटं बोलायला लावतात, पण बिचाऱ्याला ते जमत नाही. आज नाही अडखळलात."

दाजीला मेहुण्याचा तो रुमाल आठवला. आणि वाटलं, तो आपल्याच खिशात आहे.

त्याने स्क्रू काढले. डबा भिंतीवरून उतरवून मागचं झाकण उघडलं आणि काकूंपुढे धरला. आत एक सेल, दोन तारा आणि वाळलेलं झुरळ. दिवा अजून हिरवाच होता.

"यात काही नाही, काकू."

काकूंनी वाकून आत पाहिलं. फोनमधून कुणीतरी हॅलो हॅलो करत होतं.

"सिलिंडर परत देणार होते, पण नको," त्या फोनवर म्हणाल्या. "आम्हाला लागेल अजून."

फोन ठेवताना त्यांचा चेहरा अन्नात काही निघावं तसा झाला होता. दाजी शिव्यांची वाट पाहत उभा राहिला. शिव्या आल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आतून यजमानांनी विचारलं, काय झालं गं.

"हे सांगतील," काकू म्हणाल्या, आणि बाजूला झाल्या.

उघडा डबा हातात घेऊन दाजी उंबऱ्यापाशी गेला. पलंगावरच्या माणसाने नळी सावरली आणि भिंतीकडे सरकून त्याच्यासाठी बसायला जागा केली.

एवढीच गोष्ट. पण मंडळी, आज देवापुढे हात जोडाल, तेव्हा पलीकडच्या गल्लीतल्या त्या बाईची आठवण ठेवा. तिला सिलिंडर त्या दिवशीही मिळाला नाही.