अर्जातला नववा प्रश्न

बाटलीच्या झाकणावर चिकटवलेली पट्टी एका कोपऱ्यातून सुटली होती. नखाने दाबली की बसत होती, सोडली की पुन्हा वर येत होती... शिबिराच्या सूचनापत्रात लिहिलं होतं, प्रत्येक वस्तूवर मुलाचं नाव हवं. म्हणून रविवारी दुपारभर बसून तिने नावं लिहिली होती — बाटलीवर, झाकणावर वेगळं, टोपीच्या आत, मोज्यांच्या तळाला, जादा कपड्यांच्या दोन्ही जोडांवर — आणि लिहिता लिहिता मनात आलं होतं, की एवढं सगळं नीट केलंय, तर एखादी गोष्ट राहिली तरी चालेल.

“आई, चल ना.”

मुंगी दारात उभी. साडेपाच वर्षांची तिची लेक. घरातली झाकणं, चमचे, कपड्यांचे चिमटे एकेक करून या खोलीतून त्या खोलीत वाहून न्यायची, म्हणून बापाने ठेवलेलं नाव. बाप सध्या फिरतीवर, शनिवारी येणार.

उन्हाळी शिबिराचा आज तिसरा दिवस, आणि सूचनापत्रात बुधवारच्या पुढे होतं : पाण्यातले खेळ, गुडघाभर. कोणाच्या गुडघाभर? तिने हे तीनदा वाचलं होतं आणि तिन्ही वेळा पाणी थोडं वर चढलं होतं.

फाटकाशी शिबिराच्या ताई उभ्या होत्या. बावीस-तेवीसची मुलगी, गळ्यात शिट्टी, हातात यादी. पण पालकांसमोर तिला सगळेच ‘ताई’ आणि ‘तुम्ही’ म्हणायचे. पालकांनी काय लक्षात ठेवायचं ते ती रोज न कंटाळता सांगायची — पावणेपाचला या, दुसरं कोणी न्यायला येणार असेल तर आधी कळवा, आणि निरोप घेताना रेंगाळू नका, मुलं ठीक असतात, तुमचे चेहरे बघून रडतात. मग प्रत्येकाला एकच प्रश्न : काही सांगायचंय?

“नाही, काही नाही,” ती म्हणाली. ताई तिच्याकडे क्षणभर जास्तच बघत राहिल्या, की तिलाच तसं वाटलं. मुंगी मागे न बघता आत पळाली.

बसमध्ये जागा मिळाली आणि तिने डोळे मिटले. झोप नव्हती ती. गेले कित्येक महिने बसलं की डोळे मिटतात आणि हल्ली मिटले की शिबिराचा तो अर्ज समोर येतो. नववा प्रश्न. मुलाला पूर्वी कधी चक्कर, झटका किंवा बेशुद्धी आली आहे का? पुढे दोन चौकोन. तिने ‘नाही’वर खूण केली होती, पेन नीट उठेना म्हणून पुन्हा गिरवली होती.

मुंगीला लागलं, किंवा अचानक दचकली, की ती रडायला तोंड उघडते आणि रडू येतच नाही. श्वास बाहेर जातो तो जातोच. ओठ निळे होतात, मग ती हातात ओल्या कापडासारखी लोंबते... कुशीवर झोपवायचं आणि थांबायचं, बस. अर्ध्या मिनिटात येते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, यात जिवाला धोका नाही, बऱ्याच मुलांचं होतं, सहाव्या वर्षापर्यंत जाईल आपोआप. जाईल. पण ते अर्धं मिनिट बाई तुम्ही कधी मांडीवर घेऊन बसला आहात का, असं तेव्हा विचारायचं राहून गेलं.

आणि खरं सांगून बघितलं नव्हतं असं नाही. पाळणाघरातल्या मावशींना सांगितलं होतं, प्रत्यक्ष झालं तेव्हा त्या ओरडल्या, तोंडावर पाणी मारलं, गदागदा हलवलं, आणि संध्याकाळी दप्तर हातात देत म्हणाल्या, “पोर गुणाची आहे गं, पण माझ्या जिवाला घोर नको.” शाळेत सांगितलं, तर बाईंनी खेळाच्या तासाला तिला भिंतीशी बसवलं. वर्षभर. भिंतीशी बसून ती बाकीच्यांच्या चपला ओळीने लावायची, आणि घरी येऊन सांगायची, आज मला मोठं काम होतं.

या वेळी तिला पळू दे, असं वाटलं होतं मला. हे खरंच आहे. आणि हेही खरं, की माझ्या सगळ्या रजा संपल्या होत्या, आई महिनाभर राहून गेली, सासूबाई गुडघे धरत दोन महिने राहून गेल्या, आणि शिबिराने नको म्हटलं असतं तर माझ्याकडे दुसरं काहीच नव्हतं. नवरा फोनवर म्हणाला होता, लिही ‘नाही’ म्हणून, सात महिन्यांत एकदाही झालं नाहीये. त्याने सांगितलं म्हणून लिहिलं असंही नाही. तो फोन करायच्या आधीच मी लिहिलं होतं.

रक्ततपासणीच्या लॅबमध्ये तिची खुर्ची आतल्या कोपऱ्यात. बाहेर काउंटरवरची मैत्रीण नावं पुकारणार, आत हिने सुई टोचायची. सात वर्षं हेच. पट्टा बांधण्याआधी तीन प्रश्न विचारायचे, ते आता एका दमात बाहेर पडतात — उपाशी आहात ना, रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे का, रक्त देताना कधी चक्कर आली आहे का. तिसऱ्या प्रश्नाला लोक बेधडक खोटं बोलतात. विशेषतः दणकट लोक. तिला एव्हाना ओळखू यायला हवं, पण आज एका दांडग्या काकांनी “छे, छे” म्हणून हात पुढे केला, शीरही दोरीसारखी छान वर आली, दुसरी नळी भरत असताना काकांच्या कपाळावर घाम चमकला, आणि ते सावकाश, सभ्यपणे तिच्या खांद्यावर कलले.

सुई काढली, बोळा दाबला, मैत्रिणीला हाक मारली, दोघींनी मिळून त्यांना आडवं केलं, पाय उशीवर. तिचे हात एकदाही थरथरले नाहीत. दुसऱ्याच्या माणसाला काय झालं तर मी किती शहाणी असते...

काका डोळे उघडून छताकडे बघत होते. ती म्हणाली, “काका, विचारलं होतं ना मी? सांगितलं असतंत तर आधीच झोपवून घेतलं असतं.”

“नेहमीच होतं मला,” काका म्हणाले. “पण सांगितलं की समोरचा घाबरतो. आणि घाबरलेल्या हाताची सुई जास्त लागते हो.”

मैत्रीण हसली. हिलाही हसू आलं, अर्धं. काकांचं बरोबर होतं, अगदी तिच्याच मनातलं ते बोलले होते. पण ते कलले तेव्हा तिला माहीत नव्हतं, सुई अजून शिरेत होती, आणि खांदा तिचा होता. ती स्वतः जरा बाजूला बसली असती तर?

जेवणाच्या सुट्टीत तिने शिबिराचा नंबर लावला. सांगून टाकायचं. दोन वाक्यं — कुशीवर झोपवा, हलवू नका. फोन उचलला कोणीतरी, मागे पाण्याचा सपसप आवाज, मुलांचा कल्लोळ, एवढ्या किंकाळ्यांत एक किंकाळी कमी असली तर कोणाला कळणार — आणि तिच्या तोंडून निघालं, “पावणेपाचलाच यायचं ना?” पलीकडून हो म्हणाले. बरं, ती म्हणाली, आणि ठेवला.

डबा तसाच बंद केला. चारच्या ठोक्याला मैत्रीण आत येऊन म्हणाली, “जा तू घरी. आज नळीवर पेशंटच्या जागी स्वतःचं नाव लिहिशील. राहिलेले दोन मी टोचते.”

ती पोहोचली तेव्हा मुलं ओल्या केसांनी सावलीत बसून काहीतरी चिकटवत होती. मुंगी मधोमध, मांडीवर कागद, जीभ बाहेर. आहे. अंगात एकदम थकवा भरला. इतका, की तिने फाटकाची सळई धरली.

ताई समोर आल्या. आता बोलायचंच, असं ठरवून तिने श्वास घेतला, पण तेवढ्यात ताईच हळू आवाजात म्हणाल्या, “आज एकदा झालं. पाण्यात पाय सरकला तिचा. मी जवळच होते. बाहेर काढलं, कुशीवर ठेवलं, थांबलो आम्ही. वीस-पंचवीस सेकंद. मग खूप रडली, मग पुन्हा पाण्यात गेली.”

“तुम्हाला... कसं कळलं, काय करायचं ते?”

“तिनेच सांगितलं. सोमवारी, चपला काढता काढता. म्हणाली, ताई, माझा श्वास कधी कधी हरवतो, तेव्हा मला एका बाजूला झोपवायचं, हाका मारायच्या नाहीत, तो आपला आपण येतो.” ताईंनी हातातली यादी मिटली. “मी डॉक्टरांना विचारून घेतलं. आणि रोज तुमची वाट बघत होते. कधी सांगताय म्हणून.”

त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. तिने “चुकलं माझं” म्हटलं, आणि “तुम्ही तिला उद्यापासून...” इथपर्यंत येऊन अडखळली.

“उद्या मातीकाम आहे,” ताई म्हणाल्या. “आणि तिच्यासंबंधी बोलायला उद्या अर्धा तास लवकर या. सगळं सांगायचं मला. आज नको, आज तुम्हीच पडाल.”

घरी जाताना मुंगी पुढे, ती मागे. ओल्या टॉवेलची पिशवी पायावर आपटत होती. उद्या अर्धा तास लवकर, म्हणजे लॅबमध्ये पुन्हा हात जोडणं आलं. आणि सगळं ऐकून ताईंनी, त्यांच्या वरच्यांनी काय ठरवायचं ते ठरवलं तर... पण ते सगळं जरा लांब, दुसऱ्या कोणाचं असल्यासारखं वाटत होतं. जवळ होतं ते वेगळंच. तिने आणि नवऱ्याने मुंगीसमोर हा विषय कधीच काढला नव्हता. ती झोपल्यावर, दार लोटून, कुजबुजत बोलायचे. श्वास हरवतो. हा शब्द तिचा तिने शोधला होता. कधी? त्या भिंतीशी, चपला लावताना? आणखी काय काय ऐकलंय हिने लोटलेल्या दाराआडून — रजा संपल्याचं, मावशींचं, एकदा मी रडत म्हणाले होते, मला नाही जमत आता हे, तेही?

मुंगी थांबली. रस्ता ओलांडायचा होता, तिने हात वर करून आईचा हात धरला.

“आई, माझा श्वास हरवतो तेव्हा तू घाबरतेस?”

छे, छे — ओठांवर आलंच होतं.

“हो,” ती म्हणाली. “खूप.”

मुंगीने मान हलवली, एखादी माहीत असलेली गोष्ट पुन्हा ऐकल्यासारखी, आणि हात अधिकच घट्ट धरला. इतका, की कोण कोणाला रस्ता ओलांडून नेतंय ते तिला नीटसं कळेना, आणि पलीकडे पोहोचल्यावरही तिने तो सोडवून घेतला नाही.