झाकलेला नववा ड्रॅगन

मित्रांनो, मी एक जुना निळा रेशमी अंगरखा आहे. माझ्यावर नऊ ड्रॅगन आहेत. आठ सगळ्यांना दिसतात. नववा बटणांखाली झाकल्या जाणाऱ्या आतल्या भागावर आहे, आणि त्यानेच घात केला.

सूचौ शहरातल्या वेन-शी नावाच्या म्हातारीने मला भरलं. तीस वर्षं ती बादशहाच्या कारखान्यात भरतकाम करत होती. पिवळा रंग आणि पाच नखांचा ड्रॅगन बादशहाचा. अंमलदाराला निळा रंग आणि चारच नखं. चुकलं तर मान जायची. हे तिला झोपेतही पाठ होतं. पण तिचे डोळे अधू झाले होते. रंगांचे ठिपके दिसायचे, बारीक टाके दिसत नव्हते. तिने हे कुणाला सांगितलं नव्हतं. बोटं जुन्या सवयीने चालत राहिली आणि प्रत्येक पंजाला पाच नखं भरत गेली. शेजारणींनी माझ्या लाटांचं, ढगांचं तोंडभर कौतुक केलं. नखं कुणी मोजली नाहीत. वेन-शीचं काम तपासायचं म्हणजे तिचा अपमानच की!

मी ज्या अंमलदारासाठी होतो, त्याचा कारभारी मला न्यायला येणार त्या सकाळी सून रुई-चू इस्त्री करायला बसली. निखाऱ्यांचं भांडं माझ्यावर फिरता फिरता थांबलं.

"आई, ही नखं किती आहेत?"

म्हातारीने चाचपलं. पुन्हा चाचपलं. मग म्हणाली, "दार लाव."

दोघी प्रत्येक पंजाचं पाचवं नख उसवायला बसल्या. सून टाके कापायची, म्हातारी वाफ देऊन भोकं मिटवायची. दिसत नव्हतं तर बोलायचं होतंत, असं सून म्हणाली.

"बोलले असते तर फरशी पुसायला बसवलं असतंस."

"फरशी तरी कुठे दिसली असती तुम्हाला?"

दोघी हसल्या. हात मात्र थांबले नाहीत.

आठवा ड्रॅगन संपला आणि कारभारी दारात उभा राहिला. घाईने बटणं लागली. आतला राहिला, आतला! मी जिवाच्या आकांताने सांगत होतो, पण कापडाला तोंड नसतं. मला नेणारी होडी कालव्याच्या वळणापलीकडे गेल्यावर म्हातारीला आठवलं.

भिंती चाचपत ती अंमलदाराच्या दारी पोचली, मागोमाग सून. तोवर माझी बटणं उघडली होती. नोकरांनी पाहिलं होतं, अंमलदार पांढराफटक पडला होता.

"हे माझं एकटीचं काम," म्हातारी म्हणाली.

रुई-चू पुढे झाली. मीही टाके घातलेत, असं ती सांगू लागली.

म्हातारीने मान वळवली नाही. "ही पोर माझी कुणी नाही. हिला घालवून द्या."

म्हातारीला नेलं. मला पुरावा म्हणून कापूर घालून पेटीत ठेवलं. तिच्यापेक्षा माझीच निगा जास्त राखली गेली. ती घरी परतली का, ते मला कधीच कळलं नाही.

आज मी काचेमागे आहे. लोक वाकून ते पाचवं नख बघतात. मित्रांनो, माझी काळजी पुष्कळ झाली. तुमच्या घरी कुणा म्हातारीचे हात अजून सुरेख चालत असतील, तर एकदा विचारा, नीट दिसतंय ना? ती नाही म्हणाली, तर तिचं काम काढून घेऊ नका. शेजारी बसा.